अपर्णादीदीचा निळा पूल

बसमध्ये खिडकी मिळाली तरी ती काच बंद ठेवायची. धूळ पुस्तकात जाते, म्हणायची.

पुस्तक उघडण्याआधी ओल्या रुमालानं बोटं पुसायची.

वाचताना तिचे ओठ हलायचे. आवाज नसायचा. पण बोलणारं पात्र बदललं की भुवया बदलायच्या.

डब्यातली भाजी आधी संपवायची आणि मग पोळी कोरडीच खायची.

साहेबांशी हिंदी बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी. फाइल सापडेनाशी झाली की स्वतःशी इंग्रजी.

प्रशिकजींचा फोन आला की उभी राहायची. चालत्या बसमध्येसुद्धा. ड्रायव्हर आरशातून ओरडायचा, "मॅडम, बैठ जाइए, गिर जाएँगी." ती दांडा धरून "हव, हव" म्हणत राहायची. ते ड्रायव्हरला होतं की फोनला, कळायचं नाही.

हे सगळं मी रोज पाहिलं. तरी ती असं काही करेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

आमची ओळख बसमधली. ती गुढियारीची, मी समता कॉलनीची. मध्ये रेल्वेचे रूळ. नव्या रायपूरला जाणारी कर्मचाऱ्यांची बस आम्हां दोघींना एकाच थांब्यावरून घ्यायची. दीदी एका संचालनालयात सहायक होती. मी त्याच इमारतीत कंत्राटावर, कॉम्प्युटरमध्ये माहिती भरायला. साहित्यात एम.ए. करून. वेगळं राज्य झालं तेव्हा मी शाळेत होते आणि दीदी जुन्या रायपुरातल्या ऑफिसात नुकतीच लागली होती. मग राजधानी शहराबाहेर बांधली गेली आणि ऑफिसं तिकडे गेली. माणसं रात्री जुन्या शहरात झोपायची आणि सकाळी बसमध्ये बसून राजधानीला जायची.

तेलीबांधा सुटलं की शहर संपायचं. राजधानी यायला वेळ असायचा. मध्ये धानाची शेतं, पाटी लावलेले मोकळे प्लॉट, आणि पुढे इतका रुंद रस्ता की त्याच्या मधोमध गायी निवांत बसलेल्या असायच्या. हा रस्ता दीदीचा वाचायचा.

पुस्तक माझं होतं. यंदा ते सगळ्यांकडे होतं. सिग्नलवर मिळायचं, कॉलेजच्या मुलींच्या पिशव्यांतून डोकावायचं. इंग्रजी, जाडजूड, चकचकीत निळं. नाव मराठीत सांगायचं तर 'निळ्या पुलाचा पहारेकरी'. एका नदीच्या अलीकडे माणसांचा मुलूख, पलीकडे धुक्याचा. मध्ये पूल. पलीकडचा एक राजपुत्र शापानं त्या पुलाचा पहारेकरी झालेला. अलीकडे होडीवाल्याची मुलगी. दोघांचं प्रेम. पण तो पूल ओलांडून तिच्याकडे आला की तिला विसरतो. दर वेळी. मग तिनं त्याला पुन्हा आपली ओळख द्यायची, पुन्हा त्याला प्रेमात पाडायचं. सूर्य मावळला की त्याला परत जावं लागतं. पलीकडे पोचला की त्याला सगळं आठवतं. तेव्हा ती जवळ नसते.

मी ते दोन दिवसांत वाचून टाकलं होतं, पानं गाळत. मला ते वाङ्मय वाटलं नव्हतं. ऑफिसातल्या एकीला द्यायला म्हणून बसमध्ये घेऊन बसले होते, तेव्हा दीदीनं मागितलं.

"काय हाये यात?"

"कुछ नहीं दीदी. टाइमपास है."

"मंग दे ना. टाइम तर माह्याजवळ लय हाये."

मला मराठी समजायची आणि मी उत्तर हिंदीत द्यायचे. आमच्या घरीही तसंच होतं. दीदीनं कधी टोकलं नाही.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिनं पहिला अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं. बस अजून मंदिर हसौदच्या वळणाशीही नव्हती. मी म्हटलं, पढ़ो ना आगे. ती म्हणाली, "आजचा झाला."

मग कळलं की वाचण्याचे तिचे नियम आहेत. ते तिचे नव्हते, विहाराचे होते. गुढियारीत त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक लहान बुद्धविहार आहे. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथे रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचतात. पाऱ्यातल्या बाया पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या नेसून येतात. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. गेली कित्येक वर्षं वाचणारी अपर्णादीदी होती. तिचे वडील धर्मपाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. लहानपणी त्यांनीच तिला समोर बसवून वाचायला शिकवलं. थांबायचं ते अध्याय संपल्यावर, मध्ये नाही. पुढचं चाळून पाहायचं नाही. पदरचा एक शब्द घालायचा नाही. आणि ज्यानं हातात धरलं, त्यानंच पुरं करायचं.

दीदीला वाचायची दुसरी रीत माहीतच नव्हती. प्रेमकथासुद्धा ती तशीच वाचत होती.

प्रशिकजींबद्दल मला तिनं सांगितलं नाही. कांताबाईंनी सांगितलं. कांताबाई दीदीच्या शेजारीण, विहाराला लागून त्यांचं घर. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. प्रशिक रामटेके याच पाऱ्यातले. रेल्वेत सिग्नलच्या कामावर लागले तेव्हा त्यांच्या घरून अपर्णाला मागणी आली होती. दोघांच्याही मनात होतं. पण दीदीच्या आईला तेव्हा अर्धांग झालं होतं. दीदी म्हणाली, आईला बरं वाटू द्या. आईला बरं वाटलं नाही. ती बरीच वर्षं तशीच जगली. प्रशिकजी थांबले, मग घरच्यांनी त्यांचं लग्न करून दिलं. आता त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला सासरी. ते डोंगरगडला, एकटे. धर्मपालजी वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आले होते, तेव्हा दीदीला पुन्हा विचारून गेले.

"मंग ही काय म्हणाली?" मी नकळत मराठीत विचारलं.

"काय म्हणन? पाहू म्हणाली," कांताबाई म्हणाल्या. "पह्यले माय, मंग बाप. आता काय राह्यलं, ते तिलेच ठाऊक."

अडचण खरी होती. प्रशिकजींना डोंगरगड सोडता येत नव्हतं, नोकरी तिथली. दीदीनं जायचं तर बदली हवी. आणि बदल्यांवर बाराही महिने बंदी असते. पावसाळ्यात काही आठवडे सरकार ती उठवतं. तेवढ्यात अर्ज गेला तर गेला, नाही तर पुढच्या वर्षी. प्रशिकजी एवढंच म्हणाले होते की, यंदा बंदी उठली की अर्ज दे. नाही दिलास तरी रागावणार नाही. पण मग मी पुन्हा विचारणार नाही.

हे सगळ्या पाऱ्याला माहीत होतं.

दीदी मात्र म्हणायची, "पुस्तक होऊ दे पुरं, मंग पाहू."

पुस्तक रविवारच्या दुपारी कांताबाईंच्या ओसरीवर जायला लागलं, ते असं. कांताबाईंनी दीदीला विहारात विचारलं, बसमध्ये तू काय वाचून राहिली म्हणतात? दीदीनं गोष्ट सांगितली. बाया ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, हे काय उभ्या उभ्या सांगतेस, नीट वाच. मग दीदी आठवडाभर बसमध्ये इंग्रजी वाचून ठेवायची, अडलेले शब्द मला विचारायची, आणि रविवारी तेच अध्याय मांडीवर पुस्तक ठेवून बायांना आपल्या बोलीत वाचून दाखवायची. डोळे इंग्रजी ओळीवर, तोंडातून वऱ्हाडी. एक ओळ गाळायची नाही. मी शेजारी बसायचे, शब्द सांगायला. खरं म्हणजे ऐकायला.

मी इंग्रजी कादंबरीवर निबंध लिहिलेले आहेत. पण गोष्ट अशी कधी ऐकली नव्हती. तिच्या तोंडून ती नदी रायपूरची खारून झाली. धुकं पौषातलं झालं. राजपुत्राचं नाव बायांना उच्चारता येईना, म्हणून त्या त्याला पूलवाला म्हणू लागल्या. मुलीचं नाव कांताबाईंनी बदलून मीरा केलं, त्यांच्या भाचीचं. दीदीनं तेवढं चालवून घेतलं. नाव पदरचं होतं, पण ते ऐकणाऱ्यांच्या पदरचं होतं.

पहिल्या रविवारी अध्याय संपला तो चुंबनावर. पूलवाला तिला विसरलेला होता, आणि तरी तिच्या हाताला लागलेल्या डांबराच्या वासानं थांबला होता. दीदीनं वाचलं, पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं. सवयीनं. आणि समोरच्या सगळ्या बायांनी, विहारातल्या सवयीनंच, हात जोडले आणि त्या एका आवाजात म्हणाल्या, "साधु, साधु, साधु."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग कांताबाईंच्या सुनेला हसू फुटलं. ती पदर तोंडात कोंबून आत पळाली.

"काहून हसता व?" कांताबाई म्हणाल्या. "चांगलंच तर केलं त्यानं. साधु म्हणाले तर काय बिघडलं?"

त्यानंतर प्रत्येक अध्यायाच्या शेवटी साधु म्हणायचंच, असं ठरल्यासारखं झालं. मारामारीच्या अध्यायालासुद्धा.

आषाढ पौर्णिमा झाली. विहारात ग्रंथ सुरू झाला. रोज संध्याकाळी दीदी बसमधून उतरायची, आंघोळ करायची, पांढरी साडी नेसायची आणि वाचायला बसायची. त्याच सुमारास बंदी उठली. ऑफिसात लोक अर्ज घेऊन धावू लागले. बस्तरचे, सरगुज्याचे, सगळे राजधानीत यायला धडपडत होते. दीदीनं अर्ज तयार ठेवला होता. मीच टाइप करून दिला होता. खाली सही नव्हती.

तिच्या शाखेचे बडे बाबू शरच्चंद्र मिश्रा. त्यांनी तो टेबलावर पाहिला.

"मॅडम, ये डोंगरगढ़? तहसील में? लोग यहाँ आने के लिए मंत्रीजी के पैर पकड़ते हैं."

"अभी दिया कहाँ है, बाबूजी."

"मत दीजिए. आपके बिना मेरा सेक्शन बैठ जाएगा."

दीदी हसली. अर्ज खणात गेला.

आणि पुस्तक सावकाश होऊ लागलं. हे आधी माझ्या लक्षात आलं. बसमध्ये ती एक अध्याय वाचायची, तो आता दोन दिवस पुरायला लागला. मग कालचाच अध्याय पुन्हा वाचायची. मला असे शब्द विचारायची जे तिला येत होते.

"'लिंगर' म्हणजे?"

"दीदी, ये तो पिछले हफ़्ते पूछा था."

"पुन्हा सांग ना. काय जाते तुयं?"

खिडकीबाहेर धानाची रोपं लावून झाली होती. शेतात पाणी, पाण्यात आभाळ. ती वाचताना वर बघायची आणि बराच वेळ परत पुस्तकाकडे यायची नाही. एकदा म्हणाली, "त्या पोट्टीचं बरं हाये. त्याले दर वेळी पह्यल्यापासून सांगाले भेटते."

मी विचारलं, "तुमको क्या बताना है दीदी?"

"काही नाही. आता सांगायसारखं काही उरलंच नाही. त्याले सगळं माहीत हाये. माहीत असलेल्या माणसासमोर जाणं कठीण असते, अनु."

तिनं पुन्हा पुस्तकात मान घातली.

रविवारी ओसरीवरही एकच अध्याय होऊ लागला. मग अर्धी दुपार प्रस्तावनेत जायची. मागच्या खेपेला काय झालं, ते दीदी इतकं रंगवून सांगायची की पुढे वाचायला वेळ उरायचा नाही. कांताबाईंनी ते ओळखलं.

"अवं, तू वाचून राहिली का चघळून राहिली?"

"घाई काय हाये, काकी?"

"मले नाही घाई. मी तं इथंच हाये, मरेपर्यंत. ज्याले घाई हाये तो डोंगरगडले बसला." मग बायांकडे वळून म्हणाल्या, "माय झाली, बाप झाला, आता पुस्तक आजारी पडलं हिचं."

बाया हसल्या. दीदीही हसली. पण उलटायला धरलेलं पान तिनं पुन्हा खाली ठेवलं. मी शेजारीच होते.

अर्जाची मुदत संपायला आली. शेवटच्या आठवड्यातला रविवार. ओसरीवर गर्दी होती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मीरा नदीकाठी उभी होती, सूर्य मावळत होता, पूलवाला परत निघाला होता. शेवटाला फार अध्याय राहिले नव्हते. दीदी वाचत होती. आणि फाटकाशी प्रशिकजी आले.

मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, हातात डोंगरगडच्या गाडीतून आणलेली कापडी पिशवी. कांताबाई उठल्या आणि फाटकाशी गेल्या.

"वाचन चालू हाये. मधात उठत नाही ती."

"माहीत हाये," ते म्हणाले. "मी बसतो मांगं."

ते पायऱ्यांवर बसले, बायांच्या चपलांच्या शेजारी. दीदीनं मान वर केली नाही. पण तिचा आवाज एक पट्टी खाली गेला. बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या. दीदी वाचत राहिली. पूलवाला पुलाच्या मध्यावर पोचला, तिथे थांबला. मीरा हाक मारत नाही. हाक मारली तर तो वळेल, आणि वळला तर सूर्यास्त चुकेल. असं ते पान होतं.

प्रशिकजींनी घसा साफ केला.

"एक विचारू का?"

वाचनात कोणी मध्ये बोलत नाही. बाया दचकल्या. दीदीनं बोट ओळीवर ठेवलं आणि म्हणाली, "विचारा."

"तो इकडे आला का विसरते. बरोबर?"

"हव."

"अन् तिकडे गेला का त्याले याद येते."

"हव," बायाच म्हणाल्या.

"मंग ती काहून नाही जात तिकडे?"

इतके रविवार आम्ही ती गोष्ट ऐकत होतो. मी ती वाचलेली होती. हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

"तिकडे गेलेलं कोणी वापस आलं नाही," दीदी म्हणाली. "धुकं हाये तिकडे."

"धुकं तं आमच्याकडेही असते," प्रशिकजी म्हणाले. "थंडीत. नऊ वाजता उठते."

कांताबाईंची सून खुदकन हसली. कांताबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं.

"तिचा बाप हाये इकडे. होडी हाये," दीदी म्हणाली.

"बाप तं मांगच्याच अध्यायात गेला व," कांताबाई म्हणाल्या. "तूच वाचलं."

प्रशिकजी पायऱ्यांकडे पाहत होते. मग म्हणाले, "मी आपलं विचारलं. पुस्तकात पुढं असन त्याचं उत्तर. तू पाह्यलं नसशीन."

"पुढचं पाहत नाही मी."

"हव. ते मले माहीत हाये."

ते साध्या आवाजात म्हणाले. टोमणा नव्हता. म्हणूनच कदाचित तिथे कोणालाही हसता आलं नाही.

दीदीनं मान खाली घातली. बोट ओळीवरच होतं. मी पानावर पाहिलं, सवयीनं, पुढचा शब्द तिला अडेल का म्हणून. पानावर लिहिलं होतं की पूलवाला धुक्यात दिसेनासा झाला, आणि मुलगी घरी गेली, तिनं चूल पेटवली, आणि ती रात्रभर रडली. पुढचा अख्खा परिच्छेद रडण्याचाच होता.

दीदी वाचू लागली.

"मंग मीरानं चपला काढल्या," ती म्हणाली. "काठावर ठेवल्या. एकावर एक. अन् तिनं पाय पुलाच्या पह्यल्या फळीवर ठेवला. फळी ओली होती."

मी पानाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिचे डोळे ओळीवर होते आणि ती ओळ तिथे नव्हती.

"मंग?" कांताबाई म्हणाल्या.

दीदीनं पुस्तक मिटलं. अध्याय अर्धाच होता. तिनं ते कपाळाला लावलं नाही. कोणी साधु म्हणालं नाही. म्हणायचं की नाही, ते कोणाला कळेना.

"चहा ठेवा ना काकी," दीदी म्हणाली. "लांबून आले ते."

सोमवारी बसमध्ये तिनं पुस्तक काढलं नाही. पूर्ण रस्ता बाहेर बघत होती. काच उघडी होती. माना गाव ओलांडल्यावर म्हणाली, "तुह्याजवळ पेन हाये? माह्या पेनमधली शाई सुकली असन." मी पेन दिलं. ऑफिसात पोचल्यावर ती आपल्या टेबलाशी गेली, खणातून अर्ज काढला, उभ्यानंच सही केली आणि शरच्चंद्र बाबूंच्या पुढ्यात ठेवला. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पक्का?"

"पक्का, बाबूजी."

"वहाँ तो रात में भालू आते हैं, सुना है."

"इधर भी क्या कम हैं," दीदी म्हणाली. बाबूंना हसावं लागलं.

आदेश निघाला. पण बदली माणूस मिळेपर्यंत बाबूंनी तिला सोडलं नाही. त्यामुळे विहारातला ग्रंथ तिच्याच हातून पुरा झाला. आश्विन पौर्णिमेला खीर झाली. तेव्हा मीही पांढरा कुर्ता घालून गेले होते. शेवटचं पान वाचताना तिचा आवाज स्वच्छ होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

कादंबरी मात्र त्या रविवारनंतर उघडली गेली नाही. रविवारी ती सकाळच्या गाडीनं डोंगरगडला जायची. घराला रंग द्यायचा होता, मोरी दुरुस्त करायची होती. बाया विचारायच्या, मीराचं काय झालं? ती म्हणायची, "सांगते ना, थांबा. सवड होऊ द्या." बसमध्ये एकदा मी विचारलं. हिंदीत नाही.

"दीदी, ती ओळ पुस्तकात नव्हती."

"नव्हती."

"मग आता पुढे काय वाचणार?"

"तेच तं," ती म्हणाली. "आता मलेच सांगा लागन. अन् मले अजून माहीत नाही."

"पुस्तकात जे आहे ते वाच ना. मी सांगू शेवट काय आहे?"

"नको," ती घाईनं म्हणाली. "तो दुसऱ्या पोट्टीचा शेवट हाये."

लग्न विहारातच झालं. पांढरी साडी, पांढरा शर्ट, मेणबत्त्या, पाऱ्यातले लोक, नागपूरहून आलेली प्रशिकजींची मुलगी. वंदना म्हणताना दीदीचाच आवाज सगळ्यांत पुढे होता. तिला दुसऱ्यांच्या मागून म्हणता येईना. शेवटी साधु म्हटलं तेव्हा कांताबाईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुस्तक कांताबाईंकडे ठेवून. "येते अन् पुरं करते," म्हणाली.

हे दिवाळीच्या आधीचं. आता धान कापून झालं आहे. बसमध्ये तिच्या जागेवर जनसंपर्कचा एक मुलगा बसतो आणि मोबाइलवर क्रिकेट बघतो. दीदीचा फोन येतो. तिकडे नऊ वाजेपर्यंत खरंच धुकं असतं म्हणते. तहसील ऑफिसात टायपिंग कोणालाच येत नाही म्हणते. तिच्या आवाजात आता असं काही आहे जे मला ओळखता येत नाही. मी विचारते, दीदी, कधी येणार? ती म्हणते, येते ना.

मला वाटतं, ती तिकडे रोज थोडं पुढे जात असेल. आम्हाला सांगायला तिच्याकडे अजून शब्द झालेले नसतील.

मागच्या रविवारी कांताबाईंनी निरोप पाठवला. ओसरीवर सगळ्या जमल्या होत्या. निळं पुस्तक पाटावर ठेवलेलं.

"तू इंग्रजीची एम.ए.," कांताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तू बाजूलेच होती. कायले तिची वाट पाहाची? वाच."

मी बोटं पुसली. पुस्तक उघडलं. पान सापडलं. मुलगी घरी गेली होती. चूल पेटली होती. मी पहिली ओळ मनात मराठीत केली आणि वर पाहिलं. बाया पुढे सरकून बसल्या होत्या. कांताबाईंची सून म्हणाली, "मीरानं पाय ठेवला तिथून."

मी पानाकडे पाहत राहिले. मग पुस्तक मिटलं.

"ज्यानं धरलं त्यानंच पुरं करायचं असतं ना, काकी," मी म्हटलं.

कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजलं, मला माहीत नाही. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

चपला काठावर आहेत, एकावर एक. मीराचा एक पाय ओल्या फळीवर आहे आणि दुसरा अजून जमिनीवर. अध्याय तिथेच राहिला आहे.